तारेचा पहारा

जरा जवळ सरकून बसा माउली, एका तारेची गोष्ट सांगतो. कीर्तनाला उशीर झाला तर पाप माझ्या माथी.

मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. आदिनाथला तो स्थिर हवा होता. अकरा वाजता त्याच्या लेकीचा, पूजाचा इंटरव्ह्यू होता. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्सची जागा. तो याच मोडेमवर व्हायचा होता. मोबाईलची रेंज त्यांच्या वाडीत पाहुण्यासारखी, आली तर आली. अकराला थोडाच अवकाश होता.

"पप्पा, काल तर झ्याक चालला हुता," पूजा म्हणाली. इस्त्रीचा ड्रेस घालून ती लॅपटॉपपुढं बसली होती. 

आदिनाथनं वायर काढून पुन्हा खोचली. फोन आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी बदलून पाहिली. मारुतीचं नाव घेऊन मोडेम बंद करून चालू केला. दिवा लुकलुकतच राहिला.

"फायबर घेतलं असतं तर..." पूजानं बोलणं अर्धंच सोडलं.

पोरीचं खरं होतं. पण फायबरला नवी वायर लागायची, आणि ती यायची राधाकृष्णाच्या अंगणातून. राधाकृष्ण म्हणजे आदिनाथचा थोरला भाऊ. दोन घरांत एक भिंत. आईची गाय आदिनाथनं कुणाला न विचारता घोडेगावच्या बाजारात नेऊन विकली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आता अंगणातून वायर नेऊ का, असं कुठल्या तोंडानं विचारणार? टेलिफोनची जुनी तार मात्र वडिलांच्या काळापासून थोरल्याच्या अंगणातल्या खांबावरून आलेली होती. तिला परवानगी लागत नव्हती. म्हणून आदिनाथ श्रीरामपूरला गेला आणि त्या तारेवर चालणारा डीएसएल मोडेम घेऊन आला. "काका, हे आता कोन नेतं?" दुकानदार हसला होता.

देवळाकडून पखवाज घुमू लागला. सप्त्याचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. सगळी वाडी तिकडं लोटली होती. सात दिवस वीणा जमिनीला टेकलेली नव्हती. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पहाऱ्यामागून पहारा. पुढच्याच्या हाती गेल्याशिवाय मागच्यानं ती सोडायची नाही. आणि वीणा बदलताना दोघांनी एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवायचं, मग समोर लहान असो, थोर असो की वैरी असो. हे दोघे भाऊ एवढ्याचसाठी आपले पहारे लागोपाठ येऊ देत नसत.

"तुझा चुलता बसला असंल म्होरच्या रांगंत टाळ कुटत," आदिनाथ कडू तोंडानं म्हणाला. "घर जळालं तरी काला चुकवायचा न्हाई त्यो."

"पप्पा, दिवा बघा ना."

दिवा आता पार विझला. आदिनाथनं कपाळावर हात मारला. त्याचा आवाज भिंतीपलीकडं गेला असेल, इतका चढला. "तार तुटली बहुतेक. सकाळी वानरं गेल्ती तिच्यावरनं. आता या टायमाला कुनाला बोलवू? काम्हून ह्यो डबा घेतला मी?"

पूजा रडली नाही. ओठ दाबून घड्याळाकडं पाहत राहिली.

आणि दिवा लागला. एकदा गेला, पुन्हा आला, लुकलुकला, आणि देवापुढच्या समईसारखा स्थिर झाला.

अकराला पडद्यावर मॅडम दिसल्या. पूजा बोलू लागली. आदिनाथ कोपऱ्यात उभा, नजर दिव्यावर. मध्येच टेलिफोनची घंटा खणखणली. दिवा थरथरला. आदिनाथनं झेप घालून रिसीव्हर उचलला, "मागनं करा" म्हणून ठेवला. दिवा टिकला. घ्यायचा तोच मोडेम घेतला आपण, असं त्याला वाटून गेलं.

"थोडं थांबा, मोठे डॉक्टर बोलतील तुमच्याशी," मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात श्वास घ्यावा म्हणून आदिनाथ अंगणात आला. सहज त्याची नजर भिंतीपलीकडं गेली.

खांबाशी पालथ्या घातलेल्या लोखंडी ड्रमवर राधाकृष्ण उभा होता. अंगात धुतलेला सदरा, कपाळी बुक्का, गळ्यात टाळ. कीर्तनाला निघालेला माणूस. दोन्ही हात वर. तुटलेल्या तारेची दोन टोकं त्यानं चिमटीत ओढून धरली होती. ओढलं तरच ती एकमेकांना टेकत होती. पीळ द्यायला तार उरलेली नव्हती. उन्हात त्याचे दंड लटलट कापत होते.

आदिनाथ पळत फाटकातून आत शिरला. त्या अंगणात त्याचं पाऊल किती दिवसांनी पडत होतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो ड्रमवर चढला.

"आण्णा, सोड. मी धरतो."

"आधी धर. मग सोडतो," राधाकृष्ण म्हणाला. "आन मधी कुनाचा फोन आल्ता रं? घंटीचा करंट बसला, खांद्यापोतर मुंग्या आल्या."

आदिनाथनं टोकं घट्ट धरली. तेव्हा कुठं थोरल्यानं बोटं सोडवली आणि तो खाली उतरला. ड्रमवर उभ्या आदिनाथचे पाय त्याच्या छातीशी आले होते. आदिनाथचे हात वर अडकलेले; वाकता येईना, पाय मागं घेता येईनात.

राधाकृष्णानं ते पाय दोन्ही हातांनी धरले आणि त्यांवर कपाळ टेकलं.

घरातून पूजाचा आवाज आला, "हो सर, एक तारखेपासून येते मी." पलीकडं देवळात हंडी फुटली.

माउली, काल्याच्या दिवशी तुमच्या तळहातावर दहीलाह्यांचा घास पडेल, तेव्हा तो तोंडात घालण्याआधी राधाकृष्णाला आठवा. त्या वर्षी त्याला काला मिळाला नाही. हात रिकामे नव्हते त्याचे.