टायरचं वय

घाटात गाडी पुन्हा मागे पडली, तसा अच्युतचा पारा चढला.

"टायर आठ वर्षांचे आहेत, रबर कडक झालंय. रस्ता ओला आहे, अंतर ठेवतेय," गाडी म्हणाली. हल्ली सगळ्याच गाड्या एकमेकींना आपल्या टायरची पकड सांगत आणि त्या हिशोबाने अंतर राखून चालत.

"नक्षी बघ की, नव्यासारखी आहे!" तो खेकसला.

अधिक महिन्याच्या जेवणाला दोन्ही जावई सासरवाडीला निघाले होते. साडू हेरंब पुढे होता, कोऱ्या टायरच्या गाडीत. अच्युतची लेक शर्वरीसुद्धा "काकांची गाडी मस्त आहे" म्हणत तिकडेच बसली होती. ते त्याला फार झोंबलं होतं. सासरच्या दारात आधी हेरंबची गाडी लागणार, आणि आपण मागून लोंबकळत येणार!

सगळे चहाला थांबले, तेव्हा अच्युतने खिशातून नव्या टायरच्या चकत्या काढल्या. टायरचं वय गाडी अशा चकत्यांवरूनच वाचत असे. गॅरेजवाल्याकडून गुपचूप आणलेल्या त्या चकत्या त्याने जुन्या उपटून चाकांना चिकटवल्या.

"टायर नवे," गाडी म्हणाली आणि हेरंबच्या पाठीलाच लागली. अच्युत सुखावला. मागच्या काचेतून शर्वरी हात हलवू लागली.

वळणावर म्हैस आडवी आली. हेरंबच्या गाडीने मागच्या गाडीला पकड विचारली. "उत्तम," असं उत्तर आलं, म्हणून तिने करकचून ब्रेक मारला. अच्युतच्या गाडीनेही मारला, पण जुनं रबर ओल्या डांबरावरून घसरतच राहिलं.

काचेतली शर्वरी मोठी मोठी होत गेली. ती अजून हात हलवत होती.