आठव्या पानावरची रेघ

“मावशी, झोप आली की खुशाल झोपा. संकोच करायचा नाही,” प्रोफेसर लिमये म्हणाले आणि त्यांनी कस्तुराबाईकडे पाट सरकवला.

कस्तुराबाईनं भुशीहून आणलेली भाकरी फडक्यानं झाकून कोपऱ्यात ठेवली. “दिवेलागणीला? आन् दुसऱ्याच्या घरात?”

“माझ्यासाठी.”

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती बसली.

उद्या पुण्याला कॉलेज उघडणार होतं. सकाळच्या गाडीनं लोणावळ्याहून निघायचं आणि इंटरच्या वर्गाला तर्कशास्त्र शिकवायचं. लिमयांची तयारीची रीत ठरलेली होती. आदल्या संध्याकाळी चुलीपाशी बसून सगळं व्याख्यान लीलाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायचं. व्याख्यान इंग्रजीत. बायकोला इंग्रजी येत नव्हतं, पण झोप येत होती, आणि लिमयांना तेवढं पुरत असे. तिचे डोळे मिटले की ते तिथं पेन्सिलीनं रेघ मारत. रेघेपुढचं वर्गात सांगायचं नाही. घंटेच्या आधी थांबणारा कॉलेजातला हा एकच प्रोफेसर, म्हणून पोरं त्यांच्यावर जीव टाकत. विषय कुठलाही असो, रेघ आठव्या पानावरच पडे. त्यावरून, माणसाचं लक्ष आठ पानं टिकतं, असा सिद्धान्त लिमयांनी मांडला होता आणि प्राचार्यांनी तो गंभीरपणे मान्यही केला होता.

लीलाबाई चैत्रात गेल्या. त्यानंतर तपासायला आलेल्या उत्तरपत्रिका लिमयांनी सरसकट पास करून परत धाडल्या. एक कोरी होती, तीसुद्धा. काम वेळेआधी केल्याबद्दल त्यांना वरून आभाराचं पत्र आलं.

दूध घालणारी कस्तुराबाई तेव्हापासून भाकरीही आणू लागली. लिमये सुधारक होते, तिच्या हातचं खायला त्यांची ना नव्हती. भूकच नव्हती. भाकरी रोज तशीच परत जाई आणि म्हशीच्या पुढ्यात पडे. भुशीत इतकी तुकतुकीत म्हैस दुसरी नव्हती.

लिमये वाचू लागले. आठवं पान गेलं. अकरावं गेलं. कस्तुराबाई राखणीला बसल्यासारखी टक्क जागी.

“झोप येत नाही?”

“न्हाई.”

“कंटाळा तरी?”

“त्यो लय आलाय.”

“मग झोपत का नाही?”

“कंटाळा आला म्हून झोपाया लागले तर भाताची लावणी कोन करंल, मास्तर?”

लिमयांनी कागद मांडीवर ठेवले. “मग उद्या मी जात नाही. कुठं थांबायचं ते कळल्याशिवाय मला शिकवता येत नाही. राजीनामाच लिहून टाकतो.”

कस्तुराबाईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा थंड चुलीकडं.

“वैनी झोपत न्हवत्या,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मी दूध घालाया यायची तवा बगायची की. तुमचं वाचान चालू, आन् त्यांचं ध्यान चुलीवर. भात झाला की डोळं मिटायच्या. मला म्हनल्या, डोळं मिटल्याबिगर ह्यांचं तोंड थांबत न्हाई, आन् तोंड थांबल्याबिगर घास जात न्हाई.”

तर आठ पानं म्हणजे एक भात. सिद्धान्त तेवढाच होता.

मग लिमयांनी जुन्या व्याख्यानाचे कागद चाळून तिसरं पान काढलं आणि तिच्यापुढं धरलं. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघ दिसत होती.

“हे चैत्रातलं, त्याच दिवसाचं. तापात पडली होती. तरी म्हणाली, वाचा. तिसऱ्याच पानावर डोळे मिटले. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, फारच रुक्ष लिहिलंय. रेघ मारली, उठलो.” त्यांनी पान पालथं घातलं. “पोटभर जेवलो, मावशी. वर ताक घेतलं. मग तिला उठवायला गेलो.”

बाहेर घाट चढून आलेली मालगाडी धापा टाकत उभी राहिली. तिच्या धापा हळूहळू संपल्या.

“जेवलात त्ये बरं केलंत,” कस्तुराबाई म्हणाली.

“बरं?”

“त्यापायीच तर त्या डोळं मिटायच्या.”

लिमयांनी मांडीवरचे कागद उचलले आणि ते बाराव्या पानापासून पुढं वाचू लागले. मोठ्यानं, भराभर, आता कुठंच थांबायचं नाही असं ठरवल्यासारखे. आवाज फाटत होता. कस्तुराबाईनं भाकरी त्यांच्यापुढं सरकवली. ते वाचत राहिले. तिनं फडकं काढलं. ते वाचत राहिले.

तेव्हा तिनं पाटावर पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे घट्ट मिटून घेतले, लपंडावात राज्य आलेल्या पोरीसारखे.

लिमये वाक्याच्या मध्येच अडले.

“मावशी, झोपलात?”

“व्हय,” कस्तुराबाई म्हणाली.

त्यांनी पेन्सिल शोधली, रेघ मारली आणि हात धुवायला उठले.