पुढचे प्रश्न

पूर ओसरला होता. कुठल्या घरातली मुलं आईबापांपासून दुरावली आणि ते किती गंभीर आहे, हे नोंदवायला वैदेही माकणी गावात घरोघर फिरत होती. एका दारात दहा-अकरा वर्षांची शिवांजली एकटीच बसली होती. वैदेहीला बघताच तिनं लगबगीनं पोतं अंथरलं, तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

"घरात मोठं कोण आहे गं?"

"आई-आप्पा ऊसतोडीला गेलेत, पार कर्नाटकात. आजी हाय, पर ती दिवसभर खुरपायला जाती."

वैदेहीनं मोबाइलवरच्या फॉर्ममधला पहिला प्रश्न वाचून दाखवला, "या घरातलं कुठलं मूल घर सोडून गेलंय का?"

शिवांजलीनं जरा विचार केला. "न्हाय. लेकरू म्हंजी म्या एकलीच, अन् म्या तर हितंच हाय."

वैदेहीनं 'नाही' दाबलं. गंभीरतेसमोर आपोआप 'काही नाही' उमटलं आणि फॉर्म मिटला. लेकरू घरातच आहे आणि आईबाप निघून गेलेत, असं लिहायला त्यात कुठं जागाच नव्हती. ती उठली.

"ताई, एवढंच इचारायचं व्हतं?"

"हो गं. तू 'हो' म्हणाली असतीस, तर अजून पुष्कळ प्रश्न होते."

वैदेही उठल्यानं गोळा झालेलं पोतं शिवांजलीनं हातानं पुन्हा नीट सरळ केलं.

"मंग व्हय लिवा की, ताई. अन् बसा."