पाठीवरची गिरकी

ब्रेकडान्सचं खूळ तेव्हा मॉरिशसभर होतं, आमच्या पितोंसारख्या उसाच्या गावातही. गेल्या गणपतीत झाकरीचा नाच संपल्यावर शेजारचा इंद्रदेव पाठीवर भिंगरीसारखा फिरला, आणि माझ्या विद्यावतीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझा नुसता जळफळाट झाला. माणूस माझ्याच वयाचा, चाळिशीचा. पण अंगानं काठी. मी म्हणजे तांदळाचं पोतं.

यंदा ऊसतोड सुरू झाली तशी मी कामावरून येताना शेतात थांबायला लागलो. पाचटाच्या ढिगावर आधी कोलांट्या मारल्या, मग पाठीवर फिरायला शिकलो. मानेवर ओरखडे, केसांत पाचट घेऊन घरी यायचो. विद्यावती ओरखड्यांना खोबरेल लावायची, पण विचारायची काही नाही.

चतुर्थीला आरती झाली आणि गणपतीसमोरच, साऱ्या गावादेखत, मी फरशीवर आडवा झालो, पाय वर केले आणि फिरलो. चांगला दोनदा फिरलो! "आयो, जयराम!" म्हणून लोक ओरडले. त्या इंद्रदेवनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. विद्यावतीनं मात्र नाही.

पाहुणे गेल्यावर मला राहवलं नाही. "त्याच्यासाठी उभी राहून टाळ्या वाजवल्यास. मीच काय घोडं मारलं होतं तुझं?"

"टाळ्या कशानं वाजवू?" ती म्हणाली. "तुम्ही पाय वर केलेत, तेव्हापासून धड उठेपर्यंत माझे दोन्ही हात देवापुढे जोडलेले होते."