न सांगता

रोज सकाळी आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या काकांपाशी तेच. "काका, आता मशीनचा जोर काढतोय हं, श्वास तुमचा तुम्ही घ्या," असं मी म्हटलं, की दोन मिनिटांत काकांना धाप लागायची, डोळे विस्फारायचे आणि अलार्म बोंबलायला लागायचा. फुप्फुसं केव्हाच सुधारली होती. भीती तेवढी हटत नव्हती. आजही मशीनच्या जोराशिवाय अर्धा तास निघाला नाही, तर उद्या गळ्याला भोक पाडून नळी घालायचं ठरलं होतं.

"डॉक्टर, तुम्ही त्यांना सांगताच कशाला?" सिस्टर वैतागून म्हणाल्या.

पटलं. तोंडातली नळी तशीच ठेवून मी गुपचूप मशीनचा जोर काढून घेतला. काका छताकडे बघत संथ श्वास घेत राहिले. अर्धा तास पुरे व्हायला थोडाच वेळ उरला होता. सिस्टर आणि मी एकमेकांकडे बघायचंही टाळत होतो.

तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी स्क्रीनवर नजर टाकली आणि खूश होऊन काकांच्या खांद्यावर थाप मारली.



"शाबास काका! अहो, मघापासून हे मशीन नुसतं शोभेला आहे, श्वास तुमचा तुम्हीच घेताय!"