अ‍ॅडमिनिस्ट्रेटर

‘ही फाइल हलवण्याची तुम्हाला परवानगी नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.’

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर शेजारच्या खोलीत सोफ्यावर आडवा होऊन तळलेले शेंगदाणे खात होता.

भाषांतर तिचं, डोळे फुटेस्तोवर बसून केलेलं. आज प्रकाशकाकडे गेलं नाही, तर पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला जाणार होतं. पण नवऱ्याने ‘व्हायरस येतात’ म्हणत तिचं सगळं काम स्वतःच्या खात्यात नेऊन ठेवलं होतं. कॉम्प्युटर तिच्याच कमाईचा. तरी ज्याच्या हाती ससा तो पारधी.

“अहो, पासवर्ड टाका ना. किती हाका मारायच्या?”

“आलो गं. काय आग लागलीये का?”

तो आला. हात न पुसताच तिच्या खांद्यावरून वाकला.

“तोंड तिकडे कर.”

“मी काय चोर आहे?”

“चोर नाही गं. पण तुझ्या हातून काय उडेल त्याचा नेम नाही. कर तिकडे.”

तिने भिंतीकडे तोंड केलं. पूर्वी भरल्या घरात बायकामाणसांना असंच भिंतीकडे तोंड करून बसवायचे! तिला त्याची किळस आली, आणि मुकाट वळलेल्या स्वतःच्या मानेची त्याहून जास्त.

फाइल गेली. थोड्या वेळाने प्रकाशकाचं उत्तर आलं, ‘उत्तम. नवं पुस्तक उद्यापासून सुरू करा.’ म्हणजे उद्यापासून पुन्हा ती भिंत.

तिने कीबोर्डकडे पाहिलं. एका कळेवर तेलाचा थबथबीत ठसा, वर मिठाचा कण. दुसरीवर जरा कमी. तिसरीवर त्याहून कमी. शेवटच्या कळेवर नुसती चकाकी. तिने त्याच क्रमाने अक्षरं लावली. त्याचं स्वतःचंच नाव. दुसरं काय असणार!

कळांना बोट न लावता, पेन्सिलीच्या टोकाने तिने ते टाइप केलं. त्याच्या खात्याचे हक्क काढून आपल्या खात्याला दिले. मग ओलं फडकं आणून एकेक कळ घासली.

संध्याकाळी हाक आली, “अगं, हे बघ ना, साधा फोटो हलवू देत नाहीये. पासवर्ड मागतंय!”

ती हात पुसत आली.

“आधी हात धुऊन या,” ती म्हणाली, “आणि तोंड तिकडे करा.”