थोरलीला चार शब्द

“आधी हिचं लग्न मोडलं की नाही ते वाच,” इस्त्रीवाली मावशी म्हणाली. “आठवडाभर जीव टांगणीला लागलाय माझा.”

शुक्रवार होता, जेवणाची सुट्टी होती आणि साप्ताहिक आलं होतं. शिवणकामाच्या त्या खोलीत वाचायचा मान काजवालीचा. दिवसभर शाळेच्या शर्टांना काजं करणारी ही बाई वाचायची मात्र अशी, की नटीच्या दिवाणखान्यात आपणच पाय पसरून बसलोय असं वाटावं. मुखपृष्ठावरच्या नटीचं लग्न मोडलं नव्हतं, नुसतं लांबलं होतं. “मी म्हटलंच होतं,” ओव्हरलॉक मशीनवरची म्हणाली. ती दर शुक्रवारी हेच म्हणायची. कटिंग मास्तरांना असल्या भानगडींत काडीचा रस नव्हता. वाचन चालू असेपर्यंत त्यांची कात्री तेवढी बंद असायची.

मग मधलं पान आलं, ‘खरी गोष्ट’. एकीनं नाव न सांगता मन मोकळं करायचं, बाकीच्यांनी पत्रानं सल्ला द्यायचा. या खोलीचा सल्ला दोनदा छापून आला होता. दोन्ही कात्रणं आरशाशेजारी चिकटवलेली होती.

“‘आम्ही दोघी बहिणी,’” काजवाली वाचू लागली. “‘आई आम्हाला एकाच कापडाचे फ्रॉक शिवायची. माझा कुठला ते कळावं म्हणून त्याला आतून लाल दोऱ्याचा एक टाका...’”

ती थांबली.

“काय गं, ठसका लागला?” मावशीनं पाणी पुढे केलं.

“नाही. अक्षर बारीक आहे.”

तिनं पान डोळ्यांजवळ धरलं. “‘आई गेली तेव्हा मी बाळंतपणासाठी दवाखान्यात होते. ताईनं मला कळवलंच नाही. आईचं शेवटचं तोंडसुद्धा मला बघायला मिळालं नाही. त्याला तीन वर्षं झाली. लेकीसाठी नवा फ्रॉक आणला की मी तो उलटा करून बघते. टाका कुठून असणार? ताईचा राग येतो, पण तिच्याशिवाय “आपली आई” म्हणायला मला दुसरं कोण आहे? मी काय करू?’”

तीन वर्षांनी काजवाली आपल्या धाकट्या बहिणीचं बोलणं ऐकत होती, आणि तेही स्वतःच्याच तोंडून. पण समोर तिघं बसली होती, म्हणून तिनं अंक मिटून मांडीवर ठेवला.

“काळीज आहे का दगड!” ओव्हरलॉकवाली कडाडली. “असली बहीण वैऱ्यालाही नको!”

“आईनंच शपथ घातली असेल,” काजवाली म्हणाली. “पोरीचे दिवस भरलेत, तिला सांगू नकोस म्हणून.”

“मग नंतर तसं सांगायचं ना! तोंड शिवलं होतं का तिचं?”

“फोन केला असेल तिनं. धाकटीनं ठेवून दिला असेल.”

“एकदा ठेवला म्हणून ही फुगून बसली?” मावशीनं डब्याचं झाकण आपटलं. “मग थोरली कशाला झाली? आणि तू कुठली गं तिची वकील? ऊठ, कागद घे. आज त्या थोरलीला चार शब्द सुनावल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.”

जेवण केव्हाच झालं होतं, पण मावशीला ते कोण सांगणार? पत्र नेहमी काजवालीच लिहायची, कारण अक्षर तिचं चांगलं. तिनं वहीचा कागद फाडला आणि लिहायला बसली. ओव्हरलॉकवालीनं दगड सांगितला, तिनं दगड लिहिला. मावशीनं ‘थोरलेपणाचा ताठा सोड’ सांगितलं, तिनं तेही लिहिलं. एक शब्द गाळला नाही.

“आणि लिहा,” कापडाच्या गठ्ठ्यामागून मास्तर म्हणाले. आजवर पहिल्यांदाच ते सल्ल्यात पडत होते. “जाताना मान खाली घालून जा म्हणावं. थोरल्यांची मान झिजत नाही त्यानं.”

तिनं तेही लिहिलं. मग कुणी काही सांगत नसताना खाली आणखी एक ओळ लिहिली.

“पत्ता वाचून दाखवू?” ओव्हरलॉकवालीनं साप्ताहिक उचललं.

“नको. पाठ आहे.”

तिनं पाकिटावर पत्ता घातला. ओव्हरलॉकवाली खांद्यावरून डोकावली. “अगं, तिसरा मजला काय, डावीकडचं दार काय! ऑफिस तर...” मावशीनं तिचा हात दाबला.

मावशीनं पत्र ओढून घेतलं आणि चष्मा वर करून शेवटची ओळ वाचली. ‘हे सगळं खरं आहे. रविवारी येते.’ त्याखाली सही नव्हती.

“नाव?” मावशीनं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

काजवालीनं पत्र परत घेतलं. मशीनच्या खणातून लाल दोऱ्याचं रीळ काढलं, सुई ओवली आणि सहीच्या जागी, कागदातूनच, एक टाका घातला. टाका सरळ आला. मास्तरांनी कात्री उचलली आणि तशीच खाली ठेवली.

मावशीनं पदरानं नाक पुसलं.

“मागून गाठ मार नीट,” ती म्हणाली. “आता सुटायला नको.”